पहिल्यांदाच शब्बाथचं जेवण घालताय? मग बुधवारपासून लागा तयारीला

ठाण्यात आमच्या सिनेगॉगमध्ये प्रार्थना संपली की बाहेर अंगणात दोन शब्द बोलणं होतं, तेव्हा हल्ली नवीन मुलंमुली हमखास येऊन विचारतात, "आंटी, शुक्रवारी चार माणसं जेवायला बोलवायची आहेत पण काही चुकलं तर?" कुणी लग्न होऊन आमच्यात आलेली असते, कुणाच्या घरी आजीनंतर शब्बाथ, म्हणजे शुक्रवारी सूर्यास्तापासून शनिवारी रात्रीपर्यंतचा आमचा विसाव्याचा दिवस, पाळणं हळूहळू सुटलेलं असतं, कुणी नोकरीसाठी पुण्याला एकटं राहतंय आणि त्याला मेणबत्त्या लावून एकट्याने जेवायला बसवत नाही. प्रत्येकाला तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून काढते, म्हणजे शेजारच्या मैत्रिणीला पण वाचायला देता येईल.

ज्यांना आमच्याबद्दल माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आम्ही बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले ज्यू. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला गलबत फुटलं आणि सात जोडपी वाचली अशी गोष्ट आमच्यात पिढ्यान् पिढ्या सांगतात. मग ही माणसं रायगडातल्या गावागावांत पसरली, रोहेकर, पेणकर, किहीमकर, झिराडकर अशी गावांवरून आडनावं पडली, आणि बहुतेकांचा धंदा तेलाच्या घाण्याचा होता. शनिवारी घाणा बंद असायचा म्हणून गावाने नाव ठेवलं शनिवार तेली. मला हे फार मोलाचं वाटतं. त्यांच्याकडे सिनेगॉग नव्हतं (मुंबईतलं पहिलं, ज्याला आम्ही जुनी मशीद म्हणतो, ते १७९६ चं), हिब्रूची पुस्तकं जवळजवळ नव्हती, पण शनिवारी घाणा थांबवायचा हे त्यांनी सोडलं नाही. तेव्हा तुम्हाला सगळे ब्रोखे, म्हणजे त्या त्या गोष्टीआधी म्हणायच्या छोट्या प्रार्थना, तोंडपाठ येत नसतील तर त्यावाचून अडू नका, ते पुस्तकात बघून म्हणता येतात.

सगळ्यात आधी मेनू ठरवा, आणि पहिल्यांदा मासेच करा

नवीन माणूस हमखास चिकनपासून सुरुवात करतो आणि तिथेच अडकतो. कारण मटण-चिकन कोशेर, म्हणजे आमच्या धर्माच्या नियमाला धरून, हवं तर ते शोहेतने, म्हणजे नियमाप्रमाणे कापणाऱ्या माणसाने कापलेलं लागतं. हलाल आणि कोशेर एकच असं बरेच जण समजतात, ते एक नाही. मुंबई-ठाण्यात सिनेगॉगमध्ये विचारलं तर कळतं कुठे आणि कधी मिळेल, पण तुम्ही नाशिकला किंवा कोल्हापूरला असाल तर अवघडच. माशाला शोहेत लागत नाही. फक्त पर आणि खवले दोन्ही पाहिजेत, बस. म्हणजे पापलेट, सुरमई, रावस, बांगडा चालतं. कोळंबी, खेकडे, तिसऱ्या, माकुल, मुशी, पाखट हे काही चालत नाही.

आणि मासळी बाजारात एक सवय आत्तापासून लावून घ्या. माझी आजी कोळणीला आधीच सांगायची, मावशी खवले काढू नका, मला बघू दे. मग पापलेट हातात घेऊन शेपटीकडून डोक्याकडे नख उलटं ओढायची, नखाला टिकलीपेक्षाही बारीक चकचकीत खवला चिकटून यायचा, तो अंगठ्यावर ठेवून मला दाखवायची आणि मगच "हां, आता कापा" म्हणायची. पापलेटचे खवले इतके बारीक आणि सैल असतात की बर्फाच्या पेटीतून येईपर्यंत निम्मे गळून गेलेले असतात, म्हणून कल्ल्यामागे आणि पराखाली बघायचं, तिथे राहतात. साफ करून कापलेले तुकडे पिशवीत भरून देतात तिथून घेऊ नका, कुठल्या माशाचे ते तुम्हाला कळणार नाही.

दूध आणि मटण एका जेवणात नाही हा दुसरा मोठा नियम. म्हणून आमच्या जेवणात दही घातलेला रस्सा नाही, मटणाला तूप नाही, वरून मलई नाही. कोकणात हे निभावलं ते नारळामुळे. नारळाचं दूध हे दूध धरलं जात नाही, ते पारवे, म्हणजे दुधात पण नाही आणि मांसात पण नाही, दोघांबरोबर चालतं. त्यामुळे चिकनचा रस्सा नारळाच्या दुधात, वर सोलकढी, शेवटी गव्हाच्या चिकाचा हलवा तोही नारळाच्या दुधातला, आणि कुठेही काही मोडत नाही. धर्मग्रंथात बदामाच्या दुधाबद्दल एक बारकावा आहे की मांसाबरोबर ते वाढलं तर शेजारी बदाम ठेवावेत, म्हणजे बघणाऱ्याचा गैरसमज होत नाही. मी सोलकढीच्या भांड्याजवळ वाटीत ओल्या खोबऱ्याचे चार काप ठेवते, नवीन पाहुणा असेल तर तो विचारतो आणि मग आपोआप बोलणं सुरू होतं.

भांड्यांचं म्हणाल तर दुधाची वेगळी आणि मांसाची वेगळी हे शेवटी करावंच लागतं. पण मासे-भाजीच्या मेनूने सुरुवात केली तर सुरुवातीला एक नवा टोप, एक कढई, एक तवा आणि जेवणाच्या प्लेट्स एवढ्यावर काम भागतं. जुनी भांडी कोशेर करून घ्यायची असतील तर हज्जानना, म्हणजे सिनेगॉगमध्ये प्रार्थना चालवणाऱ्यांना, विचारून करा, स्टीलचं एक, काचेचं एक, मातीचं तर होतच नाही, असे फरक आहेत.

बुधवार: मनुका भिजवा आणि फोन करा

किद्दुशसाठी, म्हणजे जेवणाआधी कप हातात घेऊन म्हणायच्या शब्बाथच्या प्रार्थनेसाठी, द्राक्षाची वाईन लागते. कोशेर वाईन आपल्याकडे सहज मिळत नाही आणि कोकणात तर कधीच मिळत नव्हती, म्हणून आमच्या घरांतून काळ्या मनुकांचं शरबत करतात. बाहेरच्या ज्यू लोकांना याचं फार नवल वाटतं, पण ते धर्माच्या नियमात नीट बसतं, फक्त मनुका दाबल्यावर रस निघेल अशा रसरशीत हव्यात, पार वाळून कडक झालेल्या नकोत आणि पाणी अति घालायचं नाही.

एक वाटी काळ्या मनुका दोन वेळा धुवा, अडीच वाट्या पाणी उकळून पूर्ण गार करून त्यात घाला, काचेच्या बरणीत झाकून ठेवा. बुधवारी रात्री भिजवलं की उन्हाळ्यात फ्रीजमध्ये ठेवा, थंडीत बाहेर राहिलं तरी चालतं. शुक्रवारी सकाळी हाताने चांगलं कुस्करायचं, मिक्सर नको, बिया फुटल्या की तुरट होतं. मग मलमलच्या फडक्यातून गाळायचं. आईचं फडकं वेगळंच असायचं त्यासाठी, धुऊन धुऊन जांभळट झालेलं, आणि ती शेवटी त्याची पोटली करून अशी पिळायची की मनगटावरून काळपट रस कोपरापर्यंत ओघळायचा, तो शेवटचा रसच सगळ्यात गोड असतो. साखर लागत नाही. किद्दुशच्या कपात कमीत कमी ८६ मिली तरी पाहिजे, म्हणजे साधा छोटा पेला भरून, आणि बाकी सगळ्यांना घोट घोट द्यायला वेगळं. एवढ्या मापात सात-आठ माणसांचं होतं.

आणि बुधवारीच फोन करा. मेसेज नको, फोन करा. व्हॉट्सॲप ग्रुपवर "या सगळे" लिहिलं की कुणीच येत नाही, प्रत्येकाला वाटतं आपल्याला नाही म्हटलेलं. आपल्यातली कितीतरी कुटुंबं १९४८ नंतर इस्रायलला गेली, इथे थोडेच उरलो, आणि जे उरलेत त्यात एकेकटे राहणारे म्हातारे बरेच आहेत ज्यांची मुलं अश्दोद, लोद, बीरशेवाला आहेत. पहिला फोन त्यांना करा. ते आले की तुमचं अर्धं टेन्शन जातं कारण किद्दुश कसा म्हणायचा, चाल कोणती, हे सगळं त्यांना येतं, आणि त्यांना पण शुक्रवारी रात्री डब्यातलं गार खाऊन झोपावं लागत नाही. सगळं शिकून झाल्यावर बोलवीन असं करत बसलात तर वर्ष निघून जातं, मी स्वतः लग्नानंतर दोन वर्षं अशीच घालवली आणि ज्या शेजारच्या काकूंना बोलवायचं ठरवत होते त्या तोवर गेल्या. म्हणून पहिल्याच आठवड्यात बोलवा.

गुरुवार: बाजार

मासे शुक्रवारी सकाळी घेणार असाल तर बाकी सगळं गुरुवारीच आणून ठेवा: दोन नारळ, कोथिंबीर, आमसुलं, बटाटे, मेणबत्त्या, खजूर. पालेभाजी आणली तर पानं मिठाच्या पाण्यात टाकून एकेक उजेडात धरून बघायची, किडा खाल्ला जाऊ नये म्हणून, कोबी-फ्लॉवरला तर फारच वेळ जातो, त्यामुळे पहिल्यांदा दुधी, भेंडी, वाल असं काहीतरी सोपं ठेवा. वालाचं बिरडं करायचं असेल तर वाल भिजवणं पण बुधवारीच पाहिजे, मोड यायला वेळ लागतो, आणि सोलायला घरातल्या सगळ्यांना बसवा.

शुक्रवार सकाळ: ब्रेड किंवा पोळी

टेबलावर दोन अख्खे ब्रेड लागतात. आमचे पूर्वज वाळवंटात असताना देवाने पाठवलेलं अन्न, मान्ना, शुक्रवारी दुप्पट पडायचा, त्याची आठवण म्हणून दोन. वेणीसारखा खल्ला ब्रेड तुम्ही फोटोत बघितला असेल, तो छान दिसतो, पण आमच्या आज्यांनी गव्हाच्या दोन चपात्यांवर हामोत्सी, म्हणजे ब्रेडचा ब्रोखा, म्हटलेला आहे आणि तो तितकाच खरा. एक लक्षात ठेवा, तांदळाची भाकरी यासाठी चालत नाही. कोकणात रोज तीच खातात म्हणून नवीन माणूस तीच ठेवतो, पण हामोत्सीचा ब्रोखा गव्हासारख्या पाच धान्यांच्या ब्रेडवरच म्हणतात. भाकरी नंतर कालवणाबरोबर हवी तेवढी खा. बेकरीचा पाव आणू नका, दूध-बटर कशाचा हात लागलेला असेल सांगता येत नाही.

खल्ला घरी करायचाच असेल तर अर्धा किलो मैदा, एक छोटं पाकीट म्हणजे ७ ग्रॅम ड्राय यीस्ट, चार चमचे साखर, दीड छोटा चमचा मीठ, पाव वाटी तेल, एक अंडं आणि लागेल तसं कोमट पाणी, साधारण एक वाटी. अंडं आधी वेगळ्या वाटीत फोडून रक्ताचा ठिपका नाही ना बघायचं, हे प्रत्येक अंड्याला, कुठल्याही पदार्थात. दहा मिनिटं मळा, दुप्पट होईपर्यंत झाकून ठेवा (उन्हाळ्यात तासाभरात होतं, जानेवारीत दोन तास धरा), तीन-तीन पेडांच्या दोन वेण्या घाला, परत अर्धा-पाऊण तास ठेवा, वरून फेटलेलं अंडं लावा आणि १८० डिग्रीवर पंचवीस ते तीस मिनिटं. खाली टकटक केलं की पोकळ आवाज यायला हवा. मोठा घाट घातलात, साधारण सव्वा किलो पीठ झालं, तर पिठाचा लिंबाएवढा गोळा काढून जाळायचा असतो, आणि पीठ पावणेदोन किलोच्या आसपास गेलं की त्याचा ब्रोखा पण म्हणतात. अर्ध्या किलोला ते लागत नाही.

मग कालवण

सहा माणसांना एक किलो पापलेट किंवा सुरमई, जाड तुकडे. त्यांना हळद-मीठ लावून बाजूला. एक अख्खा नारळ खवून, त्यात मूठभर कोथिंबीर देठांसकट, पाच-सहा हिरव्या मिरच्या, लसणाच्या आठ पाकळ्या, चमचाभर जिरं, हे सगळं अगदी गंधासारखं वाटायचं, पाणी थोडं थोडं घालत. पसरट टोपात तीन चमचे तेल, ठेचलेल्या चार पाकळ्या लसूण, लाल व्हायला लागला की वाटण घाला आणि मंद गॅसवर परता. इथे घाई करू नका, सहा-सात मिनिटं तरी, कच्चा वास जाऊन कडेने तेल सुटेपर्यंत. मग दोन-अडीच वाट्या गरम पाणी, उकळी आली की तुकडे सोडा, सहा आमसुलं, मीठ बेताने कारण माशाला आधी लावलंय. डाव घालायचा नाही, टोप दोन्ही बाजूंनी फडक्याने धरून हलकेच हिसका द्यायचा. आठ-दहा मिनिटांत झालं. हे कालवण दोन-तीन तास मुरलं की जास्त लागतं, म्हणून शब्बाथला ते बरोबर बसतं, दुपारी केलेलं रात्री सगळ्यात चांगलं.

ज्या घरात लहान मुलं किंवा म्हातारी माणसं येणार तिथे चार तुकडे शुक्रवारीच काटे काढून वेगळे ठेवा. शब्बाथला निवडणं-वेचणं हे पण काम धरतात, जेवताना तोंडात घालण्याआधी काटा काढला तर चालतो, पण आधी बसून ताटभर काटे वेचणं नको.

चिकन मिळालंच तर एक विचारून घ्या, मीठ लावून दिलंय का. नसेल तर घरी करायचं: अर्धा तास पाण्यात, मग जाड मीठ सगळीकडून लावून तासभर उतरत्या फळीवर किंवा जाळीवर, म्हणजे रक्त निथळून जातं, मग तीन वेळा धुवायचं. रश्शात मीठ घालण्याआधी चाखून बघा. कलेजी यात येत नाही, ती आचेवर भाजूनच घ्यावी लागते. मासे आणि चिकन दोन्ही असेल तर एका भांड्यात नाही, एका प्लेटमध्ये नाही: आधी मासे, प्लेट बदला, मध्ये ब्रेडचा तुकडा आणि पाण्याचा घोट, मग चिकन. आणि त्या रात्री दुधाचा चहा नाही, आमच्या घरी सहा तास थांबतात, काही घरांत कमी थांबतात. काळा चहा, पुदिना टाकून, थर्मासमध्ये भरून ठेवा.

दिवे लावायच्या आधीचा तास

यात सगळी गडबड होते म्हणून नीट वाचा. मेणबत्त्या सूर्यास्ताच्या १८ मिनिटं आधी लावतात. मुंबई-ठाण्यात नोव्हेंबरच्या शेवटी सूर्य सहाच्या आसपास मावळतो आणि जुलैच्या सुरुवातीला सव्वासात-सातवीसला, म्हणजे हिवाळ्यात तुम्हाला पावणेसहाच्या आधी सगळं आवरून हातपाय धुऊन उभं राहायचं आहे. ऑफिसवाल्यांसाठी हिवाळा कठीण जातो, त्यांनी स्वयंपाक गुरुवारी रात्रीच उरकलेला बरा.

दिवे लागले की आग पेटवायची नाही, विझवायची नाही, शिजवायचं नाही, बटण दाबायचं नाही. त्यामुळे त्याआधी: जे शिजायचंय ते पूर्ण शिजलेलं. भात, कालवण कॅसरोलमध्ये. फ्रीजचा आतला दिवा काढून ठेवा, नाहीतर दार उघडलं की लागतो, हे सगळे विसरतात. खोलीचे आणि बाथरूमचे दिवे कुठले चालू ठेवायचे ते ठरवा किंवा टायमर लावा. टिश्यू पेपर, बाटल्यांची सील, पाकिटं सगळं फोडून ठेवा. गॅसवर काही गरम ठेवायचं तर बर्नरवर जाड पत्रा टाकून बारीक आच, म्हणजे आच झाकलेली राहते आणि कुणाचा हात चुकून बटणाकडे जात नाही, त्यावर शिजलेलं भांडं. वाढताना भांडं खाली उतरवायचं, पत्र्यावर असताना डाव फिरवायचा नाही. पण मी तुम्हाला कळकळीने सांगते, छोट्या बंद किचनमध्ये रात्रभर गॅस चालू ठेवून झोपू नका, त्यापेक्षा विजेची हॉट प्लेट घ्या किंवा शनिवारी गार खा.

मेणबत्त्या निदान दोन. आमच्याकडे पूर्वी काचेच्या भांड्यात पाणी आणि वर खोबरेल, त्यात वात तरंगत असायची, आजही काही घरी तशीच लावतात आणि त्या खोबरेलाच्या वासाने घर शुक्रवारचं वाटायला लागतं. दिवे लावून डोळे झाकून ब्रोखा म्हणायचा, मग हात काढून उजेड बघायचा. त्या एका मिनिटात स्वतःच्या मनातलं मागून घ्या, आई दर शुक्रवारी आम्हा प्रत्येकाचं नाव घ्यायची, ओठ हलताना दिसायचे.

टेबलावर

क्रम सोपा आहे. सगळे उभे राहून शालोम अलेखेम हे स्वागताचं गाणं, मग एशेत हायिल, घरातल्या बाईच्या कौतुकाचं, मग आईवडील मुलांच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद देतात. मग मनुकांच्या शरबतावर किद्दुश, ब्रेड तोवर कापडाखाली झाकलेला. सगळे घोट घेतात. मग हात धुणं, तांब्याने, आधी उजव्यावर मग डाव्यावर, आणि हात धुतल्यापासून ब्रेड तोंडात जाईपर्यंत कुणी बोलत नाही. नवीन पाहुण्याला हे आधी सांगून ठेवा, नाहीतर अचानक सगळे गप्प झाले की त्याला वाटतं आपल्या हातून काही झालं. हामोत्सी, ब्रेडला मीठ लावून सगळ्यांना तुकडा, आणि मग जेवा की पोटभर, गाणी म्हणा, मोठ्यांना पेणच्या, पनवेलच्या जुन्या घरच्या गोष्टी विचारा. शेवटी बिर्कत हामाझोन, जेवणानंतरची प्रार्थना, हिब्रू येत नसेल तर देवनागरीत लिहून घेतलेली चिठ्ठी ताटाशेजारी ठेवायला काहीच हरकत नाही.

पाहुण्यांना काय सांगायचं

आपले हिंदू, मुसलमान, ख्रिश्चन शेजारी आवर्जून बोलवा, मी दर महिन्याला कुणाला तरी बोलवते. पण मोकळ्या हाताने येणं आपल्याकडे कुणाला जमत नाही, कुणी बर्फी आणतं, कुणी प्रेमाने बासुंदी करून आणतं आणि टेबलावर चिकन असतं, मग त्यांना पण वाईट वाटतं आणि आपल्याला पण. म्हणून बोलावतानाच सांगा: काही आणायचंच असेल तर अख्खी फळं किंवा फुलं आणा, आणि दिवे लागायच्या आत आणा. फोन खिशात, फोटो नाही, बेल वाजवू नका, दार नुसतं लोटलेलं असेल. पाहुणा मदत करायला उठला आणि सवयीने दिवा बंद केला तर शांत राहा, ओरडू नका, त्याला तुम्हीच बोलावलंय. आपल्यातलाच कुणी लोकलने किंवा रिक्षाने आला असेल तर त्याला कसा आलास विचारू नका. आला हे पुरे. लांबून येणाऱ्यांसाठी दोन गाद्या जास्तीच्या ठेवल्या तर तो प्रश्नच राहत नाही.

पाळी लावणं

एका घराने दर आठवड्याला सगळं करायचं म्हटलं तर तीन महिन्यांत ती बाई थकते, मी बघितलंय. चार-पाच घरं धरा, चालत जाता येईल एवढ्या अंतरातली. एका घरी जेवण, दुसरं घर मासे करणार, तिसरं भाजी आणि सोलकढी, चौथं ब्रेड आणि शरबत. सगळे डबे शुक्रवारी चार वाजेपर्यंत पोचले पाहिजेत. प्रत्येक डब्यावर चिकटपट्टी लावून घराचं नाव आणि मासे, मांस, पारवे काय ते लिहा. ज्या घरी किचन अजून कोशेर नाही त्यांना वगळू नका, त्यांना फळं, खजूर, सुकामेवा, मेणबत्त्या द्या, नाहीतर त्यांना तुमच्या किचनमध्ये गुरुवारी रात्री वाटण करायला बोलवा. तेव्हाच माणूस खरा शिकतो, पुस्तकातून नाही. पैशाचा हिशोब महिन्याच्या शेवटी, शब्बाथच्या टेबलावर कधीच नाही.

शनिवार दुपारसाठी जास्त करत बसू नका. भायखळ्याकडचे बगदादी ज्यू भात आणि कोंबडी रात्रभर मंद आचेवर ठेवून हमीम करतात, वर ठेवलेली अंडी सकाळपर्यंत तपकिरी होतात, फार सुंदर लागतं. पण नव्यांनी तळलेली सुरमई, बटाट्याची सुकी भाजी, हिरवी चटणी, उकडलेली अंडी आणि राहिलेल्या पोळ्या एवढं ठेवलं तरी पुष्कळ, सगळं गार छान लागतं.

शनिवारी रात्री मलिदा

घरं फारच लांब लांब असतील, एक मिरा रोडला, एक पनवेलला, तर शुक्रवारी जमणं खरंच होत नाही. मग शनिवारी तीन तारे दिसल्यावर हावदाला, म्हणजे शब्बाथ संपवायची प्रार्थना, करून मलिद्यासाठी, म्हणजे गोड पोहे आणि फळांच्या ताटासाठी, जमा. तेव्हा ट्रेन, रिक्षा, गॅस सगळं चालतं. मलिदा हे आमच्या बेने इस्रायलचं खास, एलियाहु हन्नाबीच्या, म्हणजे प्रेषित एलियाच्या, नावाने, नवस फेडायला, लग्नाआधी, नवीन घरात सगळीकडे करतात. अलिबागजवळ खंडाळ्याला खडकावर एलियाहु हन्नाबीच्या रथाच्या खुणा मानतात तिथे तर लोक मुद्दाम जातात.

अर्धा किलो पोहे धुऊन निथळून पंधरा मिनिटं ठेवा, एका नारळाचा चव, पाव किलो चिरलेला गूळ किंवा साखर, वेलची, थोडं जायफळ, बदाम-पिस्त्याचे काप, हलक्या हाताने एकत्र करा म्हणजे लगदा होत नाही. मोठ्या ताटात ढीग करून भोवती पाच तरी फळं, खजूर हवाच, आणि वर गुलाब. पोह्यांचा ब्रोखा वेगळा, खजुराला झाडाच्या फळाचा, आणि केळ्याला जमिनीच्या पिकाचा, कारण केळ झाड धरलं जात नाही, गुलाबाला सुगंधाचा. मुलं या केळ्याच्या गोष्टीवर हमखास वाद घालतात, त्यांना घालू द्या, तसंच लक्षात राहतं. यात ना दूध ना मांस, त्यामुळे शाकाहारी शेजारी पण बिनधास्त खाऊ शकतात, आणि जे आले नाहीत त्यांच्या नावाने पुड्या बांधून पाठवतात.

ताट रिकामं झालं, डबे ज्याचे त्याला गेले, की उठायच्या आधी पुढच्या बुधवारी मनुका कोण भिजवणार आणि त्या एकट्या राहणाऱ्या काकांना फोन कोण करणार ते तिथेच ठरवा आणि मगच चपला घाला.